बारा घरांचे कोकमतेल

माझे काम पिशव्या भरण्याचे होते. विद्यापीठाच्या पाहणीवर होते असे सांगितले की लोक आदराने बघतात, म्हणून आधीच खुलासा केलेला बरा. संशोधन प्रोफेसरसाहेब करीत. मी डोंगर चढे, बायकांशी बोले, त्यांनी घरी केलेला जिन्नस मांजरपाटाच्या पिशवीत भरून, वर घराचा आकडा शिवून मुंबईला नेऊन देई. अशा किती पिशव्या भरल्या, आता आठवत नाही. त्यांतल्या बारा मात्र विसरता येत नाहीत. त्या बारांबद्दल खरे काय ते मी अजून कोठे लिहिलेले नाही. या अंकाने जागा दिली आहे, तर लिहून टाकते.

विद्यापीठाचे डोंगरात काय काम, असे मला महाडात पुष्कळांनी विचारले. उत्तर साधे आहे. महाड-पोलादपूरकडच्या कोणत्याही वाडीत जा, घरटी एक तरी पुरुष मुंबईत. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी कोणाच्या घरी भांडी घाशीत. भातशेती चार महिन्यांची. पुढे घरी बसून पोट भरत नाही. विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या प्रोफेसरसाहेबांना वाटले, विलायतेच्या गिरण्यांवर व्याख्याने पुष्कळ झाली, आता या लोकांच्या घरात काय बनते ते पाहू. ते मुंबईच्या बाजारात चालेल का? चालत नसेल तर काय सुधारावे लागेल? जिन्नस तपासायला विद्यापीठाची रसायनशाळा होतीच. हिरडा, मध, शिकेकाई, कोकमतेल असे एकेक घेऊन तपासायचे ठरले.

पहिल्या वर्षी दोन तरुण पदवीधर पाठवले. ते कोऱ्या वह्या घेऊन परतले. जिन्नस करणाऱ्या सगळ्या बायका, आणि कोटटोपीवाल्या परक्या पुरुषांसमोर त्या येईनात. मग बाईचा शोध सुरू झाला. मी महाडच्या मुलींच्या शाळेत शिकवीत होते. लहानपणी विधवा झालेली, पुण्यात शिकलेली, मागे विचारणारे कोणी नाही, आणि पायांनी घट्ट. या भांडवलावर माझी नेमणूक झाली.

सुरुवातीला माणसे मला सरकारी समजत. तुडीलच्या एका आजोबांनी मला बांधावर बघताच गुरे सावित्री नदीच्या पलीकडे हाकलली आणि शांतपणे अंगणात येऊन बसले.

"गुरे किती, आजोबा?"

"गुरं नाय."

पलीकडून गुरे हंबरत होती.

"मग ती कोणाची?"

"नदीची," आजोबा म्हणाले.

मी वहीत 'गुरे: नदीची' असे लिहिले. प्रोफेसरसाहेबांनी त्याखाली तांबडी रेघ मारली.

शिवथरच्या खोऱ्यात एक बाई भेटली. तिची रीत अशी की आपण एक प्रश्न विचारला की ती आपल्याला एक विचारी. तुझी मुले किती, तर तुझी किती. शेत किती, तर पगार किती. सगळे विचारून झाल्यावर म्हणाली, "आता लिव माजं. तुजं मला पाठ झालं." मला ती फार आवडली. पाहणी म्हणजे खरे तर अशीच व्हायला हवी.

नमुना घेण्याचा नियम प्रोफेसरसाहेबांनी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर स्वतः लिहून दिला होता. नमुना आपल्या हाताने घ्यावा. ढिगाच्या मधून घ्यावा. जिन्नस ज्याचा त्याला निवडू देऊ नये. धान्याचा दलाल पोत्यात सळई खुपसून मधले दाणे काढून बघतो, तेच हे. वाचायला सोपे आहे. डोंगरात मात्र ते पाळणे कठीण, आणि ते का कठीण हे मला पहिल्याच महिन्यात कळायला हवे होते.

मी ज्या घरी उतरे त्या घरून मला शिधा मिळे. मी माझ्या हाताने शिजवून खाई. तांदूळ इतके निवडलेले असत की खडा शोधून सापडू नये, दाणा न् दाणा अखंड. मी वहीत लिहिले, 'या भागातील तांदूळ उत्तम.' चौथ्या-पाचव्या घरी पाणी प्यायला आत डोकावले तर मुले कण्यांची पेज ओरपीत होती. अखंड तांदूळ चाळून वेगळा काढलेला, पाहुण्यासाठी आणि देवासाठी राखलेला. त्यांचे रोजचे ते नव्हेच. पाहुण्याला रोजचे द्यायचे नसते. मी ओळ खोडली आणि स्वतःवर खूश झाले, की चूक वेळेत पकडली.

पण तांदळाबाबत शिकले ते तेलाला लावायला विसरले.

पोलादपुरापासून अर्ध्या दिवसाच्या चढावर एक वाडी आहे. तिच्या मागच्या अंगाला ओढा आहे आणि ओढ्याच्या दोन्ही काठांना रातांब्याची, म्हणजे कोकमाची, झाडे. रातांब्याच्या सालीचे आमसूल होते हे सगळ्यांना माहीत असते. बियांचे तेल निघते हे घाटावरच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. बिया वाळवून फोडायच्या, आतला गर कुटून पाण्यात रटरट उकळायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी वर पांढरट थर धरतो. तो काढून मुठीत दाबला की अंड्याएवढा घट्ट गोळा होतो. हे कोकमतेल. थंडीत फुटलेल्या टाचांना, ओठांना, भाजल्यावर लावायला त्याच्यासारखे दुसरे नाही. मुंबईत मलमे करणाऱ्यांना असे तेल हवे असते, पण ते पांढरे हवे आणि आंबूस वास नको.

मला बारा घरांतून एकेक गोळा न्यायचा होता.

पौष महिना होता. वाडीत पोहोचेपर्यंत माझ्या टाचा फुटून रक्त येत होते. शेवटच्या चढावर वहाणा काढून हातात घेतल्या. वरचे पहिले घर यसूचे. यसू पंचविशीची, काटक, बोलायला फटकळ. तिने माझे पाय पाहिले आणि हातातले सूप खाली ठेवले.

"अगो बाय, ही टाच हाय का भेगाळलेलं शेत? बसा. पाय हिकडं करा."

"मला बारा घरी जायचे आहे, यसू."

"घरं काय पळून चालली? घरांना पाय नायत. तुमाला हायत, त्ये बी असले."

ओटीवर वाडीतली सगळ्यांत जुनी बाई, गंगूआजी, बसली होती. ती म्हणाली, "त्या पिशव्या आन हिकडं. आमी काय लंगड्या हाव? घरोघरचं भरून आनून देतो. तू पाय लांब कर."

मी पिशव्या दिल्या. पहिल्या पानावरचा नियम मला आठवला नाही असे नाही. आठवला.

यसूने चुलीपाशी गोळा ऊन केला आणि माझ्या टाचांना चोळायला बसली. तिच्या उजव्या हाताचे करंगळीशेजारचे बोट अर्धेच होते. लहानपणी कोयत्याने गेलेले. टाचेवर तिची तीन बोटे जोराने फिरत आणि चौथे नुसती हुलकावणी देई. माझे पाय असे कोणी हातात घेऊन मला फार वर्षे झाली होती. चोळता चोळता ती आपले सांगत होती.

"धन्याचा सांगावा आलाय. लालबागला खोली हाय, दहा गडी गावचे ऱ्हात्यात. म्हंतो, हिकडं ये आनी सगळ्यांचं जेवान कर."

"आणि तू?"

"माजी झाडं हितं. वढा हितं. थितं नळाला हंडा लावून उभं ऱ्हायाचं, अंधाऱ्या खोलीत धा मानसांच्या भाकऱ्या थापायच्या. मी त्याला म्हनलं, नाय येत. त्यो म्हनला, हितं बसून काय मिळवशील त्ये दाव. मी म्हनलं, तेल दावते. म्हनला, पुढल्या दिवाळीपातुर बघतो, मंग घराला कुलूप."

"तेल चालेल, यसू. विद्यापीठ त्यासाठीच आहे."

"ह्यो विद्यापीठ कोन? मोठं घर हाय का?"

"फार मोठे."

तिने दुसरी टाच हातात घेतली आणि म्हणाली, "मंग बरं."

त्या दुपारी मागच्या दाराने बायका एकेक येत होत्या. आत मडक्याचे झाकण वाजे, कोणी खुदकन हसे, यसू माझा पाय सोडून आत जाई आणि परत येई.

"कोण आले ग?"

"शेजारनी. इस्तव न्यायला आल्यात."

एका दुपारी अकरा चुली विझल्या याचे मला नवल वाटले नाही. पायांना इतके बरे वाटत होते. उन्हे उतरायच्या आत बारा पिशव्या शिवून माझ्यासमोर आल्या. मी वर एक ते बारा आकडे घातले आणि दुसऱ्या दिवशी खाली उतरले. दासगावच्या बंदरातून होडी, पुढे आगबोट, आणि पिशव्या मुंबईला रवाना.

फाल्गुनात मला रसायनशाळेत बोलावले. लांब टेबलावर पांढऱ्या कागदांवर बारा गोळे ओळीने मांडले होते. प्रत्येकाचा थोडा थोडा भाग खरवडून तपासलेला. प्रोफेसरसाहेब सहसा हसत नसत, त्या दिवशी हसत होते.

"बघा बाई! बारा घरे, आणि रंग एक, वास एक, वितळणबिंदू एक. कोणी शिकवले नाही, कोणी यंत्र दिले नाही. असा एकसारखा माल खेड्यात निघतो म्हटले तर कोणी विश्वास ठेवणार नाही. अहवालात तक्ताच देतो."

मी वाकून पाहिले. गोळा मुठीत दाबताना बोटांच्या खोबणी उमटतात. पहिल्या गोळ्यावर दोन खोल खोबणी, मग एक उंचवटा, मग करंगळीची बारीक खोबण. दुसऱ्यावर तसेच. तिसऱ्यावर तसेच. मी बाराव्यापर्यंत चालत गेले.

बारा घरे नव्हती. एकच हात होता. विद्यापीठ नावाच्या मोठ्या घरी काहीतरी पाठवायचे, तर आपले रोजचे तपकिरी तेल कसे पाठवायचे, म्हणून अकरा जणी यसूच्या मागच्या दाराने आल्या आणि यसूने आपल्या मडक्यातले सगळे तेल त्यांच्या पिशव्यांत घातले. विस्तव नव्हे, तेल नेत होत्या. वाडीने विद्यापीठाला शिधा दिला होता.

मी त्याच वेळी बोलायला हवे होते. बोलले नाही. कारणे सांगते. नमुने रद्द झाले असते, वर्षाची मुदत संपत आली होती, आणि मुदतीत न बसलेला जिन्नस अहवालातून गळत असे. तेल गळले की दिवाळीला यसूच्या घराला कुलूप ठरलेले. हे एक. दुसरे असे की, ओटीवर पाय लांब करून मी पिशव्या दुसऱ्यांना भरायला दिल्या, हे प्रोफेसरसाहेबांच्या तोंडावर कबूल करायची मला लाज वाटली. यांतले मोठे कारण कोणते, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. दुसरे.

गिरगावात मलम करणारा एक स्वदेशी कारखानदार होता. त्याने अहवालातला तक्ता वाचला आणि म्हणाला, बारा घरांचे सारखे निघते तर मी सगळ्या वाडीचे घेतो. दिवाळीपूर्वी चार डबे भरून द्या, माल पसंत पडला तर दरवर्षी घेईन.

ही बातमी घेऊन मी चैत्रात वाडीवर गेले. गंगूआजीने गूळ वाटला. यसूने मला बाजूला घेतले आणि धन्याला पत्र लिहायला सांगितले. मी कागद काढला.

"लिवा. औंदा तेल मुंबईला येतंय. मी येत नाय."

"आणखी काही?"

"आनी काय? झालं की."

निघताना मी ओटीवर सगळ्यांना म्हटले, "तेल मात्र नमुन्यासारखेच हवे हो."

"असंल की," गंगूआजी म्हणाली. "तेल त्ये तेल. हात बदलला म्हनून झाड बदलतं का?"

बायका हसल्या. माझी नजर यसूच्या हातावर गेली. तिने हात पदराखाली घेतला. बारा गोळे कोणाचे ते आम्हा दोघींनाही ठाऊक होते, आणि दोघीही गप्प राहिलो. पुढे कळले, यसूने मृगापूर्वी घरोघर जाऊन बिया कशा धुवायच्या ते सांगून पाहिले होते. गंगूआजीने तिला सर्वांसमक्ष सुनावले, "मी तेल काढाया लागले तवा हिची आय पाळन्यात व्हती. आता ही मला बी धुवाया शिकवते!" विशीपंचविशीच्या सुनेचे कोण ऐकतो? माझे ऐकले असते. विद्यापीठ सांगते, असे करा, एवढे मी म्हटले असते तर गंगूआजीनेच पदर खोचला असता. तेच तर माझे काम होते.

आश्विनात डबे गिरगावात उघडले तेव्हा प्रोफेसरसाहेब आणि मी हजर होतो. वरचे थोडे गोळे पांढरे. खाली तपकिरी, काही काळपट, काहींत टरफलांचे तुकडे, आणि खोलीभर आंबूस वास. कारखानदाराने एक गोळा हातात घेतला, हुंगला आणि परत ठेवला.

"हा माल त्या नमुन्याचा नाही," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, भांडला नाही. डबे झाकून दिले.

रस्त्यात प्रोफेसरसाहेब कडवट झाले होते. म्हणाले, "खेड्यातली माणसे भोळी म्हणतात. नमुना दाखवताना किती हुशारी!"

एवढे मात्र मला सोसवले नाही. मी तिथेच फुटपाथवर उभी राहिले आणि सगळे सांगितले. शिधा, मागचे दार, अर्धे बोट. ते ऐकत राहिले.

"हे तुम्हाला केव्हा कळले?"

"फाल्गुनात."

"आणि आज आश्विन आहे." थोडे चालल्यावर पुन्हा म्हणाले, "बाई, अकरा गोळे वाईट निघाले असते तर मी विचारले असते, बारावा चांगला का? त्या एका प्रश्नासाठीच तर सगळी पाहणी. तुम्ही मला उत्तरच आणून दिलेत आणि प्रश्न लपवलात."

याच्यापेक्षा ते रागावले असते तर बरे झाले असते.

डबे खाडीने परत गेले. त्यांच्याबरोबर मीही गेले. अंगणात गोळे ओतले तेव्हा प्रत्येकीने आपला गोळा बोटांवरून ओळखून उचलला, कोणाचे कोणाशी भांडण झाले नाही. गंगूआजी आपले तपकिरी गोळे ओच्यात भरून माझ्यासमोर उभी राहिली.

"आमचं वंगाळ व्हतं तर आदी सांगायचं व्हतं. चांगलं कसं करायचं त्ये इचारलं नसतं का आमी?"

"तू यसूला—"

"यसूला बोलले. तुला बोलले असते का?"

मी रिकामे डबे उचलून ओटीवर ठेवले.

यसू घरात भांडी आवरीत होती. मी तिला तिच्या तेलाची रीत विचारली. जे पौषात विचारायचे ते मी आश्विनात विचारले. तिने सगळे नीट सांगितले, जणू मी उद्याच करायला बसणार आहे. मग म्हणाली, "सांगून काय करता? बी कोन येचनार आता? मी तर चालले."

दिवाळी झाल्यावर ती गेली. मी महाडात होते, मुद्दाम दासगावला गेले. धनी पुढे ट्रंक घेऊन होडीत बसला होता. ती काठावर चिखलात उभी होती. मला बघून तिने नुसते माझ्या पायांकडे पाहिले आणि होडीत चढली. पुढल्या वर्षी विद्यापीठाची पाहणी दुसऱ्या तालुक्यात गेली. मी आणखी काही वर्षे पिशव्या भरल्या. एकही दुसऱ्याच्या हाती दिली नाही. आता मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख करते. बरे चालले आहे.

मुंबईत आल्यावर दोन वर्षांनी लालबागची ती खोली मी शोधून काढली. दुपारची वेळ होती. गिरणीतल्या माणसांचे डबे नुकतेच गेले होते. यसू दारात पीठ चाळीत बसली होती. अंगाने सुटलेली, रंगाने उतरलेली. तिने वर पाहिले, मग खाली.

"टाचा परत फुटल्या तुमच्या."

"फुटणारच. चोळणारे कोण आहे?"

तिने चहा केला. मी जे बोलायला गेले होते ते बोलले. रसायनशाळेत मी तिची बोटे ओळखली होती, आणि गप्प बसले. ती चाळणी थोपटीत राहिली.

"मला ठावं व्हतं, बाय. चैत्रात तुमी माज्या हाताकडं बघत व्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी पावनी. पावन्याला खोटं कसं पाडायचं?"

चाळीच्या नळाला पाणी आले होते, हंडे आपटत होते. तिने उठून आपला हंडा घेतला. मी तिच्याबरोबर रांगेत उभी राहिले. तेवढ्या वेळात तिने मला एकच गोष्ट विचारली, वाडीवरचे रातांबे कोणी उतरवते की पाखरे खातात. मला माहीत नव्हते. पुढच्या खेपेला गेले तर खोलीत दुसरे लोक होते. धन्याची गिरणी बदलली, कोठे गेले ते कोणी सांगू शकले नाही.

रसायनशाळेतल्या बारा गोळ्यांपैकी एक मी मागून घेतला होता. वस्तू जपून ठेवायचा माझा स्वभाव नाही. तो मी दोन हिवाळ्यांत टाचांना लावून संपवला. आता थंडीत बाजारातून आणते. दुकानात गोळे उलटेपालटे करून बघते तेव्हा दुकानदार म्हणतो, "बाई, तेल हुंगून बघायचं. बोटं काय बघता?"

तो अहवाल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. तक्त्यात घर क्रमांक एक ते बारा, आणि पुढे एकसारखे आकडे. नावे नाहीत. विद्यार्थी तो तक्ता उतरून घेतात असे ऐकले. दोन वर्षांपूर्वी मी ग्रंथालयात जाऊन त्या पानावर शिसपेन्सिलीने लिहिले, 'ही बारा घरे नव्हेत. हे सर्व तेल एकट्या यसूचे.' पुस्तकावर लिहू नये हे मी शेकडो मुलींना शिकवले आहे, तरी लिहिले. यंदा पुन्हा जाऊन पाहिले तर कोणीतरी रबराने नीट खोडून टाकलेले. त्यांचेही बरोबर आहे, ग्रंथपालाचे ते कामच.

म्हणून हे इथे छापायला दिले. अहवालात जे यायला हवे होते ते खाली देते. हा अंक डोंगराकडच्या एखाद्या बाईच्या हाती पडला, तिला वाचता येत नसेल आणि कोणी वाचून दाखवले, तर उपयोग होईल.

रातांबे फोडले की बिया तशाच गराबरोबर सुकत टाकू नयेत. त्याच दिवशी चुलीतली राख लावून चोळाव्यात आणि वाहत्या पाण्यात आंबटपणा जाईपर्यंत धुवाव्यात. सारवलेल्या अंगणात वाळवू नयेत, शेणाचा कण चिकटतो. ओढ्याकाठच्या कातळावर वाळवाव्यात. पाऊस यायच्या आत वाळल्या पाहिजेत, पेरणीची घाई असली तरी. काळी बी दिसली तर फेकावी, जीव अडकवू नये. गर कुटून दुप्पट पाण्यात उकळावा, ढवळू नये. सकाळी थर काढून तो दुसऱ्या पाण्यात पुन्हा एकदा उकळावा. हे बाकीच्या करीत नसत. थंड झाला की उजव्या मुठीत घेऊन पाणी निघून जाईपर्यंत दाबावा.

गोळ्यावर चार बोटे उमटतील. तिची तीन उमटत.